केराच्या गालावरची तीट

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. लेकराला जेवायला उशीर झाला तर आई कासावीस होते. मग लेकराला कौतुकाचा शब्द बोलायला वर्षानुवर्षं उशीर होतो, तेव्हा का नाही होत? सांगा! — बघा, माना खाली गेल्या. म्हणजे प्रश्न योग्य घरी पोचला!

ऐका तर. नदीकाठी कुंभारवाडा. तिथं सरूबाई कुंभारीण आणि तिची दहा वर्षांची लेक. लेकीचं नाव — केरा. हसू नका! सरूचा पहिला मुलगा तीन वर्षांचा होऊन गेला. ही तरी जगावी म्हणून जन्मल्या जन्मल्या घटकाभर केरात ठेवली आणि नावही तेच ठेवलं. काळाची नजर पडू नये म्हणून! तेव्हा पद्धतच होती तशी.

ही केरा पोळ्यासाठी मातीचे बैल करायची. आणि कसे? इतरांचे बैल नुसते ढिम्म — आमचे मागच्या रांगेतले काही श्रोते बसलेत ना, तसे! केराचा बैल मान वळवून बघायचा. आत्ता हंबरेल असं वाटायचं!

गिऱ्हाईक म्हणायचं, "अगं बाई, कुणी केला हा?"

सरू लगेच, "कशाचं काय! बैल हाय का शेळी, तिचं तिला ठावं न्हाई!"

आणि हीच बाई दिवे लागले की मीठ-मोहरी घेऊन लेकीची दृष्ट काढायची! पण लेकीला त्यातलं काय कळणार? मीठ-मोहरी चुलीत गेली, 'शेळी' मात्र कानात राहिली.

पोळा चार दिवसांवर आला. अंगणात केराचे चाळीस बैल वाळत होते. पाटलीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "मला केराचेच हवेत. काय हात आहे पोरीचा!"

सरू लगबगीनं बैलांच्या आड उभी राहिली. चारचौघींत बोलून गेली, "तिचे नगा घेऊ बाई, घरी जाईपातूर माना गळतील त्यांच्या!"

केरा दारातच उभी होती, मंडळी.

सरू पाण्याला गेली. पोरीनं चाळीसच्या चाळीस बैल मातीच्या खड्ड्यात टाकले, वरून पाणी ओतलं आणि उतरली आत. कुंभाराची पोर — माती तुडवायची सवयच!

सरू परतली. "अगं, बैल कुठं हायेत?"

"तुडवले. शेळ्याच व्हत्या ना? आता मी मातीला हात लावणार न्हाई. कधीच!"

सरूच्या डोक्यावरची घागर खाली आली. ती चिखलात हात घालून शिंगं शोधायला लागली. "अगं, तसे डोळे मला जमत न्हाईत! तुझ्या बाला जमले न्हाईत!"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझ्या दादाला शेजारीण म्हणाली, किती गोड चालतो गं. आठव्या दिशी तापानं गेला. तवापासून चांगला शब्द ओठावर आला की छातीत धस्स होतं, बाय!"

अहो, ताप घेऊन गेला पोराला, तापाला औषध हवं होतं! पण भ्यालेल्या आईला हे कोण सांगणार? वाट काढली ती केरानं. काय केलं तिनं? उठली, चुलीवरच्या भांड्याच्या बुडावर बोट फिरवलं आणि ते काळं बोट आईपुढं धरलं.

"घे. आधी तीट लाव. मग बोल!"

वा रे पोरी!

सरूनं लेकीच्या गालावर तीट लावली. आणि दहा वर्षांचं साठलेलं बोलली! पहिल्या पणतीपासून बैलाच्या डोळ्यांपर्यंत सगळं! शेवटी म्हणाली, "लई गुणाची हाईस गं तू." पोर रडली, हसली आणि त्याच चिखलाचा गोळा घेऊन बसली.

पोळ्याच्या दिवशी बाजारात प्रत्येक बैलाच्या गालावर काळा ठिपका! लोक विचारतात, "हे काय?" सरू सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगते, "माझ्या लेकीनं केलेत! लई देखणे झालेत, म्हणून तीट!"

आता तुमच्याकडे वळतो. शेजारच्या पोराचं कौतुक तोंडभर आणि आपलं पोर समोर आलं की तोंडाला कुलूप! मीही त्यातलाच. हे आमचे मृदंगवाले गणोबा नऊ वर्षं साथ करतायत. मी कधी 'वा' म्हणालो? गणोबा, वा! — बघा, कसे लाजले! साठीचा माणूस!

मग तुमच्या घरच्या सात-आठ वर्षांच्या जिवाला किती हवं असेल? भीती वाटते? तीट लावा, पण बोला. घरी गेल्यावर नाही हं, तोवर पोरं झोपतील. आत्ता! मांडीवर आहे, शेजारी आहे, त्याच्या कानात सांगा. गणोबा, मृदंग थांबवा. टाळ थांबवा.

मीही थांबलोय. बोला.