कारणाचा रकाना

नाही काका, नवा कीबोर्ड लागत नाही, किती वेळा सांगू — हाच चालतो, हाच, ज्याच्यावर तुमची विजयश्री गेटपास काढते. तुम्ही म्हणे माणूस पाठवला होता पुण्याला, चिनी कीबोर्ड आणायला. काय सांगितलंत त्याला? जेवढी अक्षरं तेवढी बटणं असलेला आण म्हणून? हसत नाही हो, हसत नाही. पाच हजार बटणांचा कीबोर्ड ठेवायला या केबिनची भिंत पाडावी लागली असती, एवढंच म्हणतोय. बसा ना. तुमच्या खुर्चीत मी बसलोय म्हणून उभे राहू नका, ते स्टूल घ्या — मी दोन वर्षं त्याच्यावरच बसायचो, मोडत नाही.

हे बघा, सेटिंगमध्ये गेलो, भाषांच्या यादीत गेलो, चायनीज सिम्प्लिफाइड, आणि डाउनलोड. आता हा निळा पट्टा भरायची वाट बघायची. तुमचं नेट बैलगाडीचं आहे, वेळ लागेल. चिनी कंपनीच्या या फॉर्ममध्ये भाषांतर चिकटवून बघितलं का विजयश्रीनं? बघितलं असणारच, आणि कारणाच्या रकान्यानं घेतलं नसणार — कंपनीवाल्यांना माहितेय ना, सगळे चिकटवतात, म्हणून तिथं हातानंच टाइप करावं लागतं. आणि हाताची वेळ आली तेव्हा तुम्हाला मी आठवलो. दिग्विजय आठवला. दीड वर्ष नाही आठवला. दीड वर्ष गावभर सांगत होतात, पोरगं वाया गेलं, पुनावळ्यात चिन्यांची धुणी धुतंय. धुणी नव्हतो धूत — त्या दोघा इंजिनीयरांची गाडी चालवायचो, भाजी आणायचो, आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून पाच-पाच शब्द गिरवायचो. धुतली असती तरी बरं होतं, काका. त्या दोघांनी मला एकदाही ‘अर्धवट’ म्हटलं नाही. चिनीत काय म्हणतात अर्धवटाला ते मला अजून माहीत नाही, बघा.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं फक्त. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात आणि म्हणालात, ‘शिकून काय दिवे लावनार हाय त्यो, शेडवर पाठीव, मानूस करतो त्याला.’ आणि आमच्या बापानं मान डोलावली. तुमच्यासमोर त्या मानेला दुसरं काही येतच नाही, थोरला भाऊ म्हटल्यावर ती आपोआपच हलते. मला कुणी विचारलं? कुणी नाही. केलंत ना मग माणूस? बघा, केलेला बसलाय समोर.

आलं. खाली कोपऱ्यात बघा — चौकोन आणि त्याच्या मधोमध उभी रेघ, म्हणजे चिनी चालू. आता इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, एस-एच-ओ-यू, शौ. खाली चिन्हांची रांग आली? उच्चार एकच, चिन्हं वेगवेगळी, आपल्याला हवं त्याचा आकडा दाबायचा. मला हवंय हे. हे म्हणजे हात. असू द्या, असं का बघताय — अपघाताचा फॉर्म आहे, हात येणारच ना त्यात. गेल्या तीन वर्षांत काय अपघात झाला, त्याचं कारण काय, नंतर काय सुधारणा केली — एवढंच विचारलंय त्यांनी. तिकडचं मुख्य ऑफिस वाचणार, पास केलं तर तुम्ही चाकणच्या नव्या प्लांटचे सप्लायर. बोला, काय लिहू?

‘महिला कामगार मोबाइलवर बोलताना निष्काळजीपणे हात घालून बसली.’ बरं. लिहितो. तुम्ही सांगा, मी लिहितोय.

एक विचारू लिहिता लिहिता? तिचा मोबाइल कुठं होता त्या दिवशी? मी सांगतो ना — या बोर्डला होता, या, तुमच्या गुडघ्याजवळच्या. कस्तुराबाईंचा चार्जर बिघडला होता म्हणून मीच आणून लावला होता, तुमच्या देखत. पन्नास टक्के झाला होता तेव्हा बाहेरून आरडाओरडा आला. पन्नास. मला आकडा का लक्षात आहे? कारण मी बाहेर पळायच्या आधी त्याच्याकडे बघितलं, काका. ओरडा ऐकून मी आधी मोबाइलकडे बघितलं. का ते माहीत नाही. बाहेर काय झालंय ते पायांना कळलं होतं बहुतेक.

कळणारच. पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं का असतात हे मला तुमच्यापेक्षा चांगलं शिकवलं होतं कॉलेजात — दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा डाय खाली येणार, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. तुम्ही म्हणालात, एका हातानं दाबतील, दुसऱ्यानं माल सारतील, स्ट्रोक वाढतील, तासाला माल जास्त निघेल. आणि रविवारी, शेड बंद असताना, एका वायरीत दुसरं बटण बाद करायचं काम कुणी केलं? सहाही प्रेसचं? तुमच्या इलेक्ट्रिशियननं नाही म्हटलं होतं. हात वर केले त्यानं. मी म्हटलं, मी करतो. दहा-दहा मिनिटं लागली एकेका मशीनला, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत — तेवढी एकदाच, जन्मात — आणि मला, काय सांगू, मला बरं वाटलं. घरी जाऊन आईला सांगितलं मी. सोमवारी कस्तुराबाई म्हणतात कशा, ‘लेकरा, कुणी केलं रे हे, खांद्याचं दुखणं गेलं माझ्या.’ त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी खात होतो मी तेव्हा. खात राहिलो. अकराव्या दिवशी चार बोटं. उजव्या हाताची.

नंतर फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब चौकशीला आले, तुम्ही मोबाइलचं सांगितलंत, ‘इचारा आमच्या पुतण्याला, त्यो हितंच व्हता’ म्हणालात. मी काय केलं? मान डोलावली. बापाचा मुलगा शोभलो अगदी.

काय? एवढं लांब का होतंय? तुम्ही एकच ओळ सांगितलीत, हो. चिनीत जरा — चिनीत असंच असतं. मोबाइल बघा, ओटीपी आला असेल, मालकाच्याच नंबरवर येतो. चष्मा लावा. चार, नऊ — पुढं? — एक, एक, सात, तीन. झालं. हिरवी खूण आली, बघा. पोचलं तिकडं.

आता खरं सांगतो. चिनीत लांब होत नाही, उलट निम्मंच होतं. मोबाइलचं मी लिहिलंच नाही. लिहिलंय की दुसरं बटण वायर टाकून कायमचं दाबलेलं ठेवलं होतं, मालक दौलतराव यांच्या सांगण्यावरून, त्यांचा पुतण्या दिग्विजय यानं स्वतःच्या हातानं. सुधारणा काय केली, त्या रकान्यात लिहिलंय, काही नाही. मघाशी शेडमधून येताना बघून आलोय मी — ज्याच्यावर बोटं गेली तो एक प्रेस तेवढा बदललाय, बाकी पाच अजून तसेच बांधलेले, बायका एका हातानं दाबतायत. कुठल्या कोपऱ्यात कुठला प्रेस, तेही लिहिलंय. या, जवळ या, स्क्रीनला हात लावून बघा, हे तुमचं नाव. तीनच चिन्हं लागली. याच्या खाली माझं.

विजयश्रीला हाक मारू नका, तिला यातलं काही पुसता येणार नाही. आणि आमच्या बापाला फोन लावताय तो खुशाल लावा. मान डोलावेल, फोनवर दिसणार नाही एवढंच.

नाही, थांबत नाही मी. गेटबाहेर रिक्षा उभी आहे. कस्तुराबाई आहेत तिच्यात — शेडच्या आत पाऊल टाकणार नाही म्हणाल्या. राजगुरुनगरला वकिलाकडे चाललोय आम्ही. खिडकीपाशी जाऊ नका, त्यांच्याकडे बघू नका, हक्क नाही तुम्हाला. मलाही नाही. त्यांना अजून माहीत नाही, काका. वायर तुम्ही टाकायला लावलीत हे त्यांना ठाऊक आहे, टाकली कुणी ते नाही. येताना अख्खा रस्ता माझ्यासाठी पिशवीत डबा धरून बसल्या होत्या, डाव्या हातानं. इथं चिनीत लिहिताना एकदाही बोट अडलं नाही माझं, पण आता रिक्षात बसून त्यांना मराठीत सांगायचंय.

सरका. दार अडवू नका.