पूर्ण हजेरीचं बक्षीस

बक्षीस द्यायला जावं आणि घेणारंच नसावं, असं तुमचं कधी झालंय? गोंडपिपरीजवळच्या सिस्टरांच्या छोट्या शाळेत माझी बायको शिकवायची. ती गेल्यापासून, वर्षात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला मी तिच्या नावानं बक्षीस देतो. यंदा सकाळच्या कार्यक्रमात सिस्टरनं दोनदा पुकारलं, "सुनीता!" कोणी उठेना.

मागून तिची आजी म्हणाली, "ते तं मोहफुलं वेचाले गेली जंगलात."

मी वैतागलो. "अहो बाई, हजेरीचं बक्षीस, आणि आजच गैरहजर?"

"वर्षभर आली ना भाऊ? मोह का वर्षभर पडते?"

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "आता हे बक्षीस द्यायचं कसं?" मी विचारलं.

आजीच म्हणाली, "तुमच्या बाई असत्या तं बक्षीस घेऊन मोहाखालीच आल्या असत्या."

गेलो. दुसरं काय करणार?