गोठ्यात पक्षाची शाखा

महादेवप्पांनी सालगडी दस्तगीरला लेकीच्या निकाहासाठी एका दिवसाची सुटी नाकारली. पण ते अजून घडलंच नाही असं धरू; रेणापूरच्या बसथांब्यावर मालक मोबाईलमधला इतिहास सांगत होते आणि दस्तगीर धीर गोळा करत होता.

"अमेरिकेतली गुलामगिरी रिपब्लिकन पक्षानं मोडली."

"आन् दुसरा पक्ष, मालक?"

"डेमोक्रॅट? त्यातले लई जण गुलाम ठेवा म्हणत व्हते."

"मंग गुलाम कुण्या पक्षात व्हते?"

"येड्या, गुलामाला कोण विचारतंय?"

"हाव. मालक, जुम्याला लेकीचा निकाह हाय. एक दिवस सोडा."

"पाडव्यापर्यंत साल ठरलंय. म्हशी कोण बघंल?"

"मंग त्या गुलामगिरी मोडणाऱ्या पक्षाला मोबाईलवरून लिहा: आपली एक शाखा जुम्याला, फक्त एका दिवसासाठी, आमच्या गोठ्यात उघडण्यात यावी, ही नम्र विनंती."