स्वयंपाकघराकडची खिडकी

बायको : आधी फायदा कोणाचा, ते बघा. परसात तुमची शेड उभी राहिली की माझे डबे माझ्या जागेवर राहतील, कोणी झाकणं काढून वास घेणार नाही, आणि ‘हे असं का ठेवतेस’ हे फक्त जेवताना ऐकावं लागेल. म्हणजे जास्त फायदा माझाच.

नवरा : आणि माझा?

बायको : तुम्हाला हुकूम सोडायला हातोड्या-करवती मिळतील. निवृत्त झाल्यापासून हाताखाली कोणी नाही, म्हणून तर पायाला भिंगरी लागलीय. आता पुन्हा कुठे उठलात?

नवरा : आराखडा आणायला. हा बघ. दार बाजूला. खिडकी मागच्या भिंतीला, झाडाकडे. घराकडच्या भिंतीला नुसत्या फळ्या.

बायको : नुसत्या फळ्या. आत पुन्हा चक्कर आली, तर त्या मला हाक मारणार?

नवरा : एकदाच आली होती. ऊन होतं.

बायको : न्हाणीघरात?

नवरा : झालं सुरू. उठलो की ‘कुठे निघालात’, बसलो की ‘बरं वाटतंय ना’. आतून कडी लावली तर दाराबाहेर खोकत उभी राहतेस. मला एक अशी जागा हवीय, जिथे मला कोणी बघत नाही. मग मी सकाळपासून डबे उघडत हिंडणार नाही.

बायको : बरं. मिस्त्री उद्या येतायत. काम होईतोवर तुम्ही ताईंकडे दोन दिवस राहून या. इथे थांबलात तर त्यांना एक खिळा धड ठोकू देणार नाही.

(दोन दिवसांनी. शेडच्या भिंती उभ्या, छप्पर बसलेलं. नवरा आत जाऊन तसाच बाहेर येतो.)

नवरा : मिस्त्री, ही खिडकी इकडे कशी?

मिस्त्री : कुठली, साहेब?

नवरा : कुठली म्हणजे? एकच तर आहे. आत उभं राहिलं की समोर आमचा ओटा दिसतोय.

मिस्त्री : चूक झाली, साहेब. दोन्ही लांब भिंती गवतावर आडव्या ठेवून जोडल्या होत्या. माप सारखंच. उभ्या करताना अदलाबदल झाली.

नवरा : मी चौकटीवर पेन्सिलीनं ‘मागची’ लिहून गेलो होतो.

मिस्त्री : हो, वाचलं ना. म्हणजे, नंतर वाचलं.

नवरा : मग फिरवा.

मिस्त्री : छप्पर बसलंय. आता फिरवायची तर अख्खी शेड फिरवावी लागेल. मग दार कुंपणात उघडेल. तुम्हाला आत जायला शेजाऱ्यांकडून यावं लागेल.

नवरा : कमाल आहे. एवढी वर्षं काम करताय.

मिस्त्री : तेच तर. माझ्या हातून असं कधी होत नाही, वहिनींना विचारा.

नवरा : तिला कशाला विचारू?

मिस्त्री : तसं नाही. त्या चहाला बोलवतायत, एवढंच.

०

नवरा : तू जेवलीस?

बायको : मघाशीच. आज लवकर आलात शेडमधून. बरं वाटतंय ना?

नवरा : मला काय होतंय? आठवडाभर बघतोय. मी जेवून उठलो की ‘मी बसतेच आता’ म्हणतेस, आणि ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातलंच खातेस.

बायको : अजून एक ताट कशाला खरकटं करायचं?

नवरा : मध्येच ओट्याला हात टेकून डोळे मिटतेस.

बायको : पाय भरून येतात. काही नसतं ते.

नवरा : कधीपासून?

बायको : तुम्ही ऑफिसात असायचात तेव्हापासून.

नवरा : आणि माझ्या एका चकरेपायी भिंत फिरवलीस. मिस्त्रीला तूच सांगितलंस ना?

बायको : मीच. ते तयार नव्हते. म्हणाले, वहिनी, माझं नाव खराब होईल. मी म्हटलं, साहेब चार दिवस तणतणतील, मग रंधा मारायला लागतील.

नवरा : म्हणजे त्यांचं नाव गेलं. माझं झाड गेलं.

बायको : आणि माझं काहीच गेलं नाही, हेच ऐकवायचंय ना? लावा मग पडदा. मी काही बोलणार नाही.

नवरा : पडदा नको. उरलेल्या फळ्यांचं स्टूल केलंय. ओट्याच्या उंचीचं. जरा डगमगतं, एका पायाखाली पुठ्ठा घातलाय.

बायको : त्यावर बसून मी जेवायचं, आणि तुम्ही तिकडून बघायचं?

नवरा : हं.

बायको : दिवसातली तेवढीच वेळ होती, मला कोणी बघत नसायचं. तीही गेली. आणा ते स्टूल. पुठ्ठा पडू देऊ नका.