उसाच्या कडंला ध्यान

...आन वर मलाच इचारत्यात, "मच्छिंद्र, तू वरडला का न्हाईस?" आता बोला! पाठीत गोफणीचा धोंडा बसलेला, हात मोडून गळ्यात बांधलेला, आन चूक कुणाची? तर माझी! का? तर मी शांत बसलो व्हतो! तुमाला सांगतो पावणं, उभ्या जन्मात मारामाऱ्या करून जेवढा मार खाल्ला न्हाई तेवढा एका दिशी गप बसून खाल्ला. शांत बसणं काय खायचं काम हाय का राव?

तुमी म्हणाल, मंग बसलास कशाला... सांगतो. मंचरच्या बाजारात कांदा घिऊन पिकपच्या रांगंत उभा. सकाळधरनं रांग हलंना, डोकं तापलेलं, आन एक जण हॉर्न वाजवत मधीच घुसला. मी थेट खिडकीतनं हात घातला, कॉलर धरली, भाईर वढला आन नाकावर एक दिली. रगात! खाली पाडला, छाताडावर बसलो, दुसरी द्यायला हात उचलतोय, तर ते खालनं म्हणतंय, "दाजी, मी हाय, मी... निरगुडसरचा!" आमच्या मंडळीचा चुलतभाऊ! लग्नात ज्यानं माझा कान पिळला, त्याचंच नाक मी फोडलं!

आमची मंडळी म्हंजे गजराबाई. तिनं काय केलं म्हाईतीय? वरडली न्हाई, रडली न्हाई. पिशवी भरली, दारात उभी ऱ्हायली आन म्हणली, "पुनवेपातुर कुणाच्या अंगावर हात टाकला न्हाई, तर येईन. टाकला, तर मी निरगुडसरलाच बरी." आन गेली की! मी तापट, मी आडमुठा, समदं कबूल... पण तिच्याबिगर घर खायला उठतं राव. चहा गोड लागंना. कुणावर वरडावं, तर "हळू, बीपी वाढंल" म्हणायला मागं कोण न्हाई. मला ती पायजे व्हती, बास.

मंग आमची सून, सुप्रिया. पुण्यात शिकलेली. ती म्हणली, "मामा, रोज थोडा वेळ शांत बसायचं. डोळे मिटायचे, श्वास आत, श्वास बाहेर. राग आला की त्याच्याकडे नुसतं बघायचं, तो आपोआप निघून जातो. आणि काहीही झालं तरी हलायचं नाही." राग निघून जातो म्हणं! माझा राग काय सोयरा हाय का, चहा पिऊन जायला?

तरी बसलो. घरात बसलो. श्वास आत... शेजारच्याच्या ट्रॅक्टरवर गाणी! श्वास भाईर... कोंबडी मांडीवर! तिची मुंडीच पिरगळणार व्हतो, पुनव आठवली, सोडली. लेण्याद्रीला गेलो, म्हणलं देवाच्या दारात तरी जमंल. डोळं मिटलं आन माकडानं चष्मा वढून न्हेला! चप्पल उगारली... मंग इचार आला, माकडाच्या अंगावर हात टाकला तर त्यो धरत्यात का न्हाई? रिस्क कशाला घ्या! आंधळ्यावाणी चाचपडत पायऱ्या उतरलो. शांत बसणं काय खायचं काम हाय का?

शेवटी रानात गेलो. दिवस मावळताना, उसाच्या कडंला, बांधावर. गारठा म्हणून घोंगडी डोक्यावरनं घेतली, वाकून बसलो, डोळं मिटलं... आन त्या दिशी लागलं की राव! डोक्यातला समदा गलका बंद. नुसतं वाऱ्यानं पाचट वाजतंय. लई बरं वाटलं.

पावणं, तुमी भाईरचं, तुमाला म्हाईत नसंल. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडंला माणूस गप बसत न्हाई. बाई गवत कापती ती मोबाईलवर गाणी लावून, गडी पाणी धरतो तो खाकरत, शिव्या देत. बिबट्याला कळाया नको, हितं माणूस हाय म्हणून? उसाच्या कडंला वाकून, गप, न हलता बसतंय कोण? बिबट्याच! येवढं शेंबडं पोर सांगंल, आन मी घोडा...

तेवढ्यात कुशाबा मेंढरं घिऊन आला. बांधावरनं आमचं जुनं वैर, आन गडी गोफणीला पक्का. पहिला धोंडा पाठीत! डोळ्यांपुढं काजवं! पण मनात कोण आलं? सुप्रिया! "काहीही झालं तरी हलायचं नाही." हललो न्हाई! श्वास आत... दुसरा धोंडा खांद्यात! श्वास भाईर... ते बोंबलतंय, "आरं, बिबट्याऽऽ! धोंडं खाऊन बी हलंना, लई माजलाय!" समदी वस्ती धावली. काठ्या, कुऱ्हाडी, खोरी... आन मी हितं रागाकडं नुसता बघतोय! काठी हातावर बसली, हाड काडकन् मोडलं, तवा घोंगडी फेकून उठलो.

म्होरं कुशाबा. चांगल्या हातानं त्याची काठी हिसकली, त्याच्या टाळक्यावर उगारली... त्याला बी कळलं, आता मेलो. आन मला... हसू नका... मला दारात उभी ऱ्हायलेली गजरा दिसली. काठी टाकली. म्हणलं, "जा कुशाबा. मेंढरं कोंड." आन खालीच बसलो.

तसा कुशाबा पांढरा फट! रडाया लागला. निरगुडसरला फोन लावला, मी ऐकतोय, "वैनी, लगीच या! दादा काय वाचत न्हाई! आवो, मी त्याला धोंडं घातलं, हात मोडला, आन त्यो मला मारंना! ही शेवटाचीच लक्षणं!"

आली. त्याच फुटक्या नाकाच्या भावाच्या गाडीवर, वाटभर हंबरडा फोडत. मी खाटंवर, लई खूश. म्हणलं, "गजरा, बघ, कुणाच्या अंगावर हात टाकला न्हाई." वाटलं, आता दृष्ट काढंल. तिनं हाताला लागली ती परात उचलली आन मोडका हात सोडून समदीकडं बडवला! "जलमभर जगावर वरडला, आन ज्या दिशी वरडायचं त्या दिशी मुकं झाला व्हय? बिबट्यानं न्हेलं असतं म्हंजे? मी कुणाकडं बघायचं?" मारतीय बी, रडतीय बी...

ऱ्हायली. पण नवी अट. ध्यान बंद करायचं न्हाई, त्यानंच म्हणं माझा हात खाली आला. रानातच बसायचं, डोळं मिटायचं, पण दर श्वासाला बोंब मारायची, "हाय! मी माणूस हाय!" आन ती मागं उभी ऱ्हाऊन परात बडवणार. सुप्रिया म्हणती, "मामा, ह्याला ध्यान म्हणत नाहीत." नसतील म्हणत. पण गजराला सांगायची माझी छाती न्हाई... आली बघा परात घिऊन. पावणं, तुमी जरा कानात बोळं घाला, मी शांत बसून येतो.