नोंद आधीच अस्तित्वात आहे

जबाब
दिनांक १४/११/२०२५

नाव: सौ. अनुजा कौस्तुभ खडपकर (माहेरचे नाव अनुजा सत्यवान रेवंडकर), वय ३५ वर्षे, धंदा: संगणकाची प्रणाली तयार करून देणे, रा. कसाल, ता. कुडाळ, मूळ रा. तोंडवली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

मी आज सकाळी साडेदहा वाजता आपणहून पोलीस ठाण्यात आले आहे. माझा भाऊ देवेश सत्यवान रेवंडकर, सध्या वय ३१, हा सन २०१३ मध्ये बेपत्ता झाल्याची नोंद या ठाण्यात आहे. त्यासंबंधी मला विचारण्यात आले, त्यावरून सांगते ते असे.

तोंडवली येथे माझे माहेर आहे. वडील सत्यवान यांची स्वतःची होडी होती. त्यांच्या होडीवर आमच्या वाडीतील बाबली मोंडकर हे भागीदार होते. त्यांना आम्ही बाबलीकाका म्हणतो. देवेश माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो शाळेत जाण्याआधी त्याला अक्षरे मी शिकवली.

दि. २२/०८/२०१३ रोजी सकाळी देवेश कोणाला न विचारता होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे गेला. नवीन बसवलेले मशीन चालवून बघावे असे त्याच्या मनात होते. मुखावर लाटेने होडी उलटली. बाबलीकाका किनाऱ्यावर होते, ते पोहत गेले आणि त्यांनी देवेशला बाहेर काढले. तसे करताना त्यांचा उजवा पाय होडीखाली सापडून दोन ठिकाणी मोडला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. देवेशला खरचटलेसुद्धा नाही.

देवेश तीन दिवस घरातून बाहेर पडला नाही. दि. २५ रोजी वडील त्याला म्हणाले, "आधी बाबलीक बघून ये, मगे माज्याकडे बोल." वडिलांनी त्याला मारले नाही, इतर काही बोलले नाहीत. हे माझ्यासमोर घडले. देवेश घातलेल्या कपड्यांनिशी दवाखान्याकडे म्हणून निघाला. तो दवाखान्यात पोहोचला नाही आणि घरी परत आला नाही. दि. २७ रोजी वडिलांनी या ठाण्यात तो हरवल्याची खबर दिली.

त्यानंतर बारा वर्षांत त्याचे पत्र, फोन किंवा निरोप आला नाही. वडील दि. ०३/०२/२०२० रोजी हृदयविकाराने वारले. आई सावित्री, वय ६६, तोंडवलीतच राहते. घरामागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते.

माझ्या कामाबद्दल विचारल्यावरून सांगते की, किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांच्या एका संघाने चालू वर्षी मला खलाशांच्या नोंदणीची प्रणाली करायला दिली. खलाशी कागदावर फॉर्म भरतो. बंदरावरच्या केंद्रातील ऑपरेटर तो फॉर्म पाहून संगणकाच्या पडद्यावरील रकाने भरते आणि 'जतन करा' हे बटण दाबते. मग ती माहिती संघाच्या डेटाबेसमध्ये कायमची जाते. एकच माणूस दोन बंदरांवर दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून मी तपासणी ठेवली आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मगाव हे सगळे जुळले तर प्रणाली फॉर्म घेत नाही. आधार क्रमांक पुष्कळ खलाशांजवळ नसतो, म्हणून तो सक्तीचा केलेला नाही.

मार्च महिन्यात मी घरी चाचणी घेत होते. बटण दाबल्यावर नोंद जात होती, परंतु मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठत होती. ते दुरुस्त करण्यासाठी एक पूर्ण भरलेला फॉर्म पुन्हापुन्हा पाठवणे भाग होते. मी त्यासाठी माझ्या भावाची माहिती भरली. नाव, जन्मतारीख १७/०३/१९९४, जन्मगाव तोंडवली, रक्तगट. ती मला न बघता भरता येत होती. पाच वेळा त्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे आली. सहाव्या वेळी नाव नीट उमटले.

ऑगस्टमध्ये प्रणाली संघाच्या ताब्यात देण्यापूर्वी चाचणीच्या सर्व नोंदी पुसायच्या असतात. मी चाळीस नोंदी पुसल्या. भावाची नोंद पुसली नाही. का पुसली नाही, असे मला विचारण्यात आले. राहून गेली असे मी संघाच्या व्यवस्थापकांना आधी सांगितले होते, ते खरे नाही. मी ती नोंद पुसायला घेतली होती. 'ही नोंद कायमची काढून टाकायची का' असा प्रश्न पडद्यावर येतो. मी 'नाही' दाबले. त्या नोंदीवर कोणतेही ओळखपत्र निघालेले नाही की कोणताही लाभ घेतलेला नाही.

दि. ०६/११/२०२५ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास वेंगुर्ला बंदरावरच्या केंद्रातील ऑपरेटर सृष्टी हिचा मला फोन आला. काही अडले की ती मला फोन करते. ती म्हणाली, "ताई, एक फॉर्म जायना. नोंद आधीच अस्तित्वात आहे, असा येता. पण ह्यो माणूस तर पयल्यांदाच इलोसा."

मी तिला नाव वाचायला सांगितले. तिने वाचले. मी जन्मतारीख विचारली, ती तिने सांगितली. जन्मगाव विचारले. मग मी वारसाचा रकाना विचारला. ती म्हणाली, "सत्यवान रेवंडकर, नाता वडील."

वडील गेल्याचे त्याला ठाऊक नाही, हे मला तेव्हा समजले.

कोणीतरी माझ्या भावाच्या नावाचा वापर करत असेल, असाही संशय मला आला. म्हणून मी सृष्टीकडून फॉर्मचा फोटो मोबाइलवर मागवला. फॉर्मवर चिकटवलेले छायाचित्र दाढीवाल्या माणसाचे होते, ते मी ओळखले नाही. अक्षर ओळखले. तो 'र' लिहिताना खालचा पाय फार लांब ओढतो. लहानपणी मी त्याला त्यावरून ओरडत असे.

मी सृष्टीला फॉर्म बाजूला ठेवायला सांगितले. माझी चाचणीची नोंद मी कसालला बसून दोन मिनिटांत काढू शकत होते. मग त्याचा फॉर्म गेला असता आणि तो त्याच्या कामाला लागला असता. मी ते केले नाही. फॉर्मवर त्याचा मोबाइल नंबर होता. तो मी दोन दिवसांत सात वेळा लावला आणि वाजण्याआधी बंद केला. माझे पती कौस्तुभ यांना मी सर्व सांगितले. आईला सांगितले नाही. तो पुन्हा निघून गेला असता तर तेही आईला मलाच सांगावे लागले असते.

दि. ०८ रोजी मी तोंडवलीला जाऊन बाबलीकाकांना भेटले. पाय मोडल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत, घरी जाळी शिवून देतात. माझे बोलणे होईपर्यंत त्यांनी हातातले काम थांबवले नाही. मग म्हणाले, "फोन करू नको. फोनार माणूस सटकता. आपण समोर जावन उभे रवलो, की मगे खंय जातलो?"

दि. ०९ रोजी, रविवारी, मी आणि बाबलीकाका माझ्या गाडीने वेंगुर्ल्याला गेलो. फॉर्मवर ट्रॉलरचे नाव होते. ती दुपारी साधारण तीन वाजता धक्क्याला लागली. चार-पाच खलाशी मासळीच्या टोपल्या उतरवत होते. त्यांच्यात तो होता. मी त्याला हाक मारू शकले नाही. बाबलीकाका काठी टेकत पुढे गेले आणि त्याच्या वाटेत उभे राहिले. त्याने टोपली खाली ठेवली. त्याचे लक्ष काकांच्या पायाकडे होते, चेहऱ्याकडे नव्हते.

काका त्याला म्हणाले, "तू माका बघूक येतलंस, असा तुज्या बापाशीन सांगितल्यान. इलंस नाय. म्हणान मीच इलंय."

 देवेशने विचारले, "पाय?"

"पाय आसा थंयच. पावसात दुखता, तितक्याच."

नंतर त्याने मला पाहिले. त्याने विचारले, "गो ताय, आबा अजून रागान आसत?" आम्ही वडिलांना आबा म्हणत असू. मी त्याला सांगितले की आबा कधीच रागात नव्हते, आणि पाच वर्षांपूर्वी आबा गेले. तो बर्फाच्या पेटीवर बसला. ट्रॉलरवरून त्याला कोणीतरी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. बाबलीकाका त्याच्या शेजारी बसले. खाली बसायला त्यांना त्रास होतो. आम्ही तिघे तेथे किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. आमच्यासमोर सगळी मासळी उतरवून झाली होती.

तो इतकी वर्षे कोठे होता याबद्दल त्याने आम्हाला सांगितले ते असे. त्या दिवशी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला होता. आत कोणीतरी ओरडत होते. ते बाबलीकाकाच असे त्याने धरले आणि तो तेथून एसटी स्टँडवर गेला. पहिली सहा वर्षे तो कर्नाटकात मलपे बंदरावर होता. मग कारवारला आला. मग गोव्यात चार हंगाम काढले. या हंगामापासून वेंगुर्ल्याला आहे. दर वेळी थोडे अलीकडचे बंदर का धरले, असे मी विचारले. तो म्हणाला, "पुढच्या सालाक निवती, मगे मालवण, असा मनात होता." बाबलीकाका त्यावर म्हणाले, "ह्या हिशोबान मी वाट बघीत बसलंय असतंय तर मेलंय असतंय." देवेश त्या वेळी थोडा हसला. हसल्यावर तो आमचा देवेश दिसला.

दि. १० रोजी सकाळी मी पुन्हा वेंगुर्ल्याच्या केंद्रात गेले. देवेश तेथे आला. मी त्याच्यासमोर माझी चाचणीची नोंद काढून टाकली. पडद्यावरच्या प्रश्नाला या वेळी 'होय' दाबले. त्याने फॉर्मवर वारसाचे नाव खोडून आईचे लिहिले आणि खोडल्याजागी सही केली. खोडायला त्याला वेळ लागला. सृष्टीने रकाने भरून बटण दाबले. नोंद झाली. त्याच दिवशी मी व्यवस्थापकांना खरा प्रकार लेखी कळवला. त्यांनी मला यापुढे असे होऊ नये अशी समज दिली. ती मला मान्य आहे.

गुरुवारी आपण मिळून घरी जाऊ असे ठरले होते. परंतु दि. १२ रोजी, बुधवारीच, तो एकटा एसटीने तोंडवलीला गेला. पुढील हकिकत मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, आईने सांगितली ती सांगते. सकाळी दहाच्या सुमारास आई घरापुढच्या खळ्यात चादरी वाळत घालत होती. पाठीवर पिशवी घेतलेला माणूस बेड्याकडे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाकडे, उभा दिसल्यावर तिला तो पर्यटक वाटला. ती त्याला पाहुण्यांशी बोलते तशा भाषेत म्हणाली, "रूम आहे. एसी नाही. चालेल तर नाव लिहा." आणि तिने पाहुण्यांची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने खुर्चीवर बसून वहीत नाव लिहिले, गाव लिहिले. 'कोठून आलात' या रकान्यात काही लिहिले नाही. आईने चष्मा लावून वाचले. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

तो म्हणाला, "आये, माका एसी नको."

आई म्हणाली, "कितको काळो झालंस रे."

वहीचे ते पान मी पाहिले आहे. त्याच्या नावापुढे मुक्काम किती दिवस, हा रकाना आईने स्वतः भरला आहे. त्यात तिने आडवी रेघ ओढली आहे.

देवेशला कोणी पळवून नेले होते काय, कोंडून ठेवले होते काय, असे मला विचारण्यात आले. तसे काही नाही. तो स्वतःच्या मनाने गेला आणि स्वतःच्या मनाने घरी आला. हंगाम संपेपर्यंत तो वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरवर काम करणार असून सुट्टीच्या दिवशी तोंडवलीला येणार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मिसिंगची नोंद बंद करण्यास माझी व आईची हरकत नाही.

आई व देवेश हेही आज माझ्याबरोबर ठाण्यात आले असून या प्रकरणाची जुनी फाईल आम्हाला दाखवण्यात आली. खबर दिल्यानंतर माझे वडील २०१४ ते २०१९ दरवर्षी एकदा या ठाण्यात येऊन तपास विचारून गेल्याच्या सहा नोंदी तीत आहेत. प्रत्येक नोंदीखाली त्यांची सही आहे. ते येथे येत असत हे आईला किंवा मला माहीत नव्हते. आम्हाला ते बाजारात जातो असे सांगत. देवेशने त्या सह्या पाहिल्या. शेवटच्या सहीवर त्याने बोट ठेवले होते. ते काढण्यास त्याला कोणी सांगितले नाही.

माझा हा जबाब पोलीस हवालदार श्रीमती तेजस्वी परब यांनी संगणकावर टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. तारखा आणि नावे मी तपासली, मी सांगितले तसेच लिहिलेले आहे. वाचन चालू असताना आई बाकावर देवेशच्या शेजारी बसली होती. हवालदार मॅडमनी त्याचे नाव वाचले की प्रत्येक वेळी आई तिकडून "आसा", म्हणजे आहे, असे म्हणत होती. मॅडमनी तिला सांगितले की आजी, ही हजेरी नाही, उत्तर द्यायची गरज नाही. आईने मान हलवली आणि पुढच्या नावाला पुन्हा "आसा" म्हणाली. त्यानंतर मॅडम प्रत्येक नावापाशी तिच्यासाठी थांबल्या. हेही जबाबात असावे अशी मी विनंती केल्यावरून लिहिण्यात आले.

समक्ष,
(सही) तेजस्वी परब, पोलीस हवालदार

जबाब देणार,
(सही) अनुजा कौस्तुभ खडपकर