भूकंपाचे चार ठोके

मंडळी, एक सांगा — गाणं सुरू कोण करतं? गाणारा? नक्की? मावशी, मान डोलवू नका, फसाल!

ऐका! मिरजेत एक रॉक बँड होता. नाव 'भूकंप'! तिघेच जण. श्रीरंग गायचा, जमीर गिटार वाजवायचा, मागे ड्रमवर धोंडिबा. नऊ वर्षं एकच रीत — धोंडिबा काठीवर काठी आपटायचा, ठक-ठक-ठक-ठक! की झाला भूकंप!

पण एकदा पोस्टर छापलं. श्रीरंगचा फोटो ताटाएवढा, जमीरचा बशीएवढा, आणि धोंडिबाची नुसती टोपी हो, टोपी! झालं! तिघांची तोंडं तीन दिशांना. श्रीरंग म्हणाला, "माझा मी समर्थ आहे!"

जमीरनं एकट्यानं दोन तास गिटार वाजवली. लोक म्हणाले, "छान! पण गाणं कधी?" धोंडिबानं एकट्यानं ड्रम बडवले, तर लोक नाचत नाचत दाराबाहेर गेले ते आलेच नाहीत! वरात समजले बिचारे!

आता श्रीरंगची पाळी. नाट्यगृह भरलेलं. आज जमलं नाही तर उद्यापासून मामाच्या पिठाच्या गिरणीवर — असा आईला शब्द दिलेला. आई पहिल्या रांगेत! संगीत सगळं लॅपटॉपमध्ये. बटण दाबलं, संगीत सुरू... आणि श्रीरंग गप्प! तोंड उघडं, आवाज नाही! ठक-ठक झालंच नाही ना! अख्खं गाणं संपलं, हा उभाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या — वाटलं, नवीन प्रकार असेल! दुसरं गाणंही तसंच. आई शेजारणीला म्हणाली, "सुधारला गं! आता ओरडत नाही!"

श्रीरंगला रडूच आलं. गिरणीचा पट्टा दिसायला लागला डोळ्यांपुढे. तेवढ्यात सातव्या रांगेतून — ठक-ठक-ठक-ठक! धोंडिबा! मफलर गुंडाळून फजिती बघायला आला होता, पण हातांना राहवेना! आणि श्रीरंगचा असा आवाज फुटला, की आईनं कानांवर हात ठेवले — आणि हसली! शेजारच्या मफलरातून जमीर उठला, गिटार घेऊन. फजिती बघायला गिटार कशाला लागते हो?

तर मंडळी, तुमच्या घरात चार ठोके कोण देतं? तुमच्या पोस्टरवर त्याची टोपी तरी आहे का? घरी जाऊन बघा! चला, आता गजर...

बुवा? मृदंगबुवा, वाजवा की!

मंडळी, बुवांचे हात मांडीवरच. ते दारातल्या कीर्तनाच्या फलकाकडे बघताहेत. त्यावर नाव माझ्या एकट्याचंच आहे.

बुवा, चुकलो. द्या ठोका — तोंडातून रामकृष्णहरीसुद्धा निघेना हो!